सूचना बाटलीवर, धोका मजुराच्या अंगावर

चिक्कीच्या पुडीवर लिहिलेलं असतं, 'यात शेंगदाणे आहेत'. इस्त्रीच्या खोक्यातल्या कागदावर असतं, 'अंगात घातलेल्या कपड्यांना इस्त्री करू नये'. नव्या बुटांच्या डब्यातून निघणाऱ्या पांढऱ्या पुडीवर ठळक अक्षरांत असतं, 'खाऊ नये'. अशा सूचनांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे असतात आणि एक वाक्य ठरलेलं असतं : "लोकांना एवढंही कळत नाही का?"

मित्रांनो, आम्हाला या वाक्यातल्या 'लोकांना' या शब्दाबद्दल बोलायचं आहे. हा शब्द वापरणारा माणूस स्वतःला त्या लोकांत कधीच धरत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी दुसरा असतो : न शिकलेला, खेड्यातला, झोपडपट्टीतला. ज्याला सगळं सांगावं लागतं आणि सांगूनही कळत नाही असा. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही गेली काही वर्षं या 'लोकां'सोबतच बसतो-उठतो. आमचा अनुभव वेगळा आहे. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते छापलेलं असतं आणि ज्याच्यामुळे माणूस मरतो ते बहुतेक वेळा छापलेलं नसतं, किंवा मरणाऱ्यापर्यंत पोहोचलेलं नसतं.

आधी चिक्कीचं बघू. अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, ग्लुटेन असलेली धान्यं असे अ‍ॅलर्जी आणणारे घटक पाकिटावर वेगळे लिहावे लागतात. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या जिवावर एक दाणाही बेतू शकतो. हा नियम बिस्किटाला लागतो, सॉसला लागतो, तयार मसाल्याला लागतो. तिथे दाणे दिसत नाहीत, म्हणून तिथे तो कामाचा असतो. चिक्कीला लागला की त्याची गंमत वाटते. नियम सगळ्यांना सारखा लावला की कुठेतरी तो विचित्र दिसणारच. त्यात कुणाच्या अकलेचा प्रश्न येत नाही.

या विनोदामागे राजकारणही आहे आणि ते समजून घ्यायला अमेरिकेत जावं लागतं, कारण असल्या लेबलांची चेष्टा करण्याची मोठी प्रथा तिथेच पडली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'मिशिगन लॉसूट अब्यूज वॉच' नावाच्या संस्थेनं सर्वांत वेडगळ सूचना शोधण्याची वार्षिक स्पर्धा सुरू केली. टॉयलेट ब्रशवरच्या 'वैयक्तिक स्वच्छतेसाठी वापरू नये' या सूचनेला बक्षीस मिळालं. 'या वॉशिंग मशीनमध्ये माणसाला घालू नये' या सूचनेलाही मिळालं. वर्तमानपत्रांनी दरवर्षी बातम्या छापल्या, लोक हसले. पण संस्थेच्या नावातच तिचा हेतू आहे. लोक कंपन्यांवर फार खटले भरतात, त्याला आळा बसला पाहिजे, ही तिची मोहीम. वेडगळ लेबलं हा त्या मोहिमेचा पुरावा होता : बघा, खटल्यांच्या भीतीनं बिचाऱ्या कंपन्यांना काय काय छापावं लागतं!

कॉफीच्या कपावरच्या 'आतला पदार्थ गरम आहे' या सूचनेची गोष्टही अशीच सांगितली जाते. एका बाईनं स्वतःच्या अंगावर कॉफी सांडली आणि कंपनीकडून लाखो डॉलर उकळले, एवढंच जगाला माहीत आहे. प्रत्यक्षात काय घडलं? फेब्रुवारी १९९२ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक यांनी मॅकडोनाल्ड्समधून ४९ सेंटची कॉफी घेतली. गाडी उभी होती आणि त्या चालकाच्या शेजारच्या सीटवर होत्या. साखर आणि दूध घालण्यासाठी त्यांनी कप गुडघ्यांत धरून झाकण काढलं आणि कॉफी मांड्यांवर सांडली. त्वचा खोलवर भाजली. आठ दिवस दवाखान्यात राहावं लागलं, त्वचारोपण करावं लागलं. त्यांनी कंपनीकडे सुमारे २०,००० डॉलर मागितले. कंपनीनं ८०० डॉलर देऊ केले. मग त्या कोर्टात गेल्या.

कोर्टात बाहेर आलं ते असं. कंपनी कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअस तापमानाला देत होती. एवढी गरम कॉफी काही सेकंदांत त्वचा जाळते. १९८२ ते १९९२ या दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० तक्रारी कंपनीकडे आलेल्या होत्या. म्हणजे कंपनीला माहीत होतं. आणि कपावर सूचना आधीपासून होतीच! ज्यूरींचं म्हणणं पडलं की ती पुरेशी मोठी नव्हती आणि पुरेशी नव्हती. कॉफी गरम असते हे ७९ वर्षांच्या बाईला सांगायची गरज नव्हती. ही कॉफी कातडं सोलवटून काढण्याइतकी गरम आहे, हे सांगायला हवं होतं आणि तेच सांगितलेलं नव्हतं. १९९४ मध्ये ज्यूरींनी २० टक्के दोष लीबेक यांच्याकडे धरून १,६०,००० डॉलरची भरपाई दिली आणि कंपनीला शिक्षा म्हणून वर २७ लाख डॉलरचा दंड लावला. न्यायाधीशांनी तो दंड ४,८०,००० डॉलरवर आणला आणि शेवटी दोन्ही पक्षांनी आपसांत तडजोड केली. जगानं मात्र लक्षात ठेवली ती मूर्ख म्हातारी.

ज्याला इजा झाली त्यालाच वेड्यात काढायचं, ही पद्धत आपल्या चांगल्याच ओळखीची आहे.

या प्रकरणातून एक गोष्ट निघते, ती आमच्या मते या विषयातली मुख्य गोष्ट आहे. वस्तूवरची सूचना मूर्ख माणसासाठी छापलेली नसते. जो माणूस उद्या वकील लावून दारात उभा राहू शकतो, त्याच्यासाठी ती छापलेली असते. 'आम्ही सांगितलं होतं' एवढं म्हणण्याची ती सोय असते. म्हणून जिथे जाब विचारणारा आहे तिथे उघड गोष्टींचीही सूचना मिळते. जिथे जाब विचारणारा नाही, तिथे जीव घेणाऱ्या गोष्टीचीही मिळत नाही.

आपल्या देशातला कायदा काय म्हणतो? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूच्या दोषाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आली. पुरेशी सूचना न देणं हाही दोष मानला गेला. हे चांगलंच झालं. पण त्याच कायद्याचं कलम ८७ नीट वाचलं पाहिजे. धोका उघड असेल किंवा सर्वांना माहीत असण्यासारखा असेल, तर तो सांगितला नाही म्हणून उत्पादक जबाबदार नाही. आणि पुढे : मालकानं कामाच्या ठिकाणी वापरण्यासाठी वस्तू विकत घेतली असेल आणि उत्पादकानं त्या मालकाला सूचना दिली असेल, तर सूचना अपुरी होती म्हणून उत्पादकावर दावा चालत नाही. म्हणजे सूचना मालकाच्या हातात पडली की कंपनीचे हात धुतले गेले. मालकानं ती मजुराला वाचून दाखवली का, मजुराला ती भाषा कळते का, हा कंपनीचा प्रश्न उरत नाही. वस्तू विकत घेणारा एक आणि ती हाताळणारा दुसरा, असं जिथे जिथे आहे तिथे हाताळणारा उघडा पडतो. आपल्या समाजातली बहुसंख्य माणसं विकत घेणाऱ्यांत आहेत की हाताळणाऱ्यांत, हे आम्ही वेगळं सांगायला नको.

आमची आजी विड्या वळायची. भंडारा-गोंदियाकडे, कामठीकडे ज्यांचं लहानपण गेलं त्यांना हे चित्र नवं नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कापलेली तेंदूपानं, दोऱ्याची रीळ. मजुरी हजार विड्यांमागे. पान फाटलं, विडी सैल वळली की सट्टेदार ती छाट म्हणून बाजूला काढायचा आणि तिचे पैसे कापायचा. सूप घरातच असायचं. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत लहान मुलं झोपलेली. पावसाळ्यात दार लावून घेतलं की तंबाखूच्या धुळीनं सगळ्यांना शिंका यायच्या. आजीनं जन्मात एक विडी ओढली नाही. खोकत मात्र ती शेवटपर्यंत होती.

आता विडीच्या बंडलाकडे बघा. १ एप्रिल २०१६ पासून सिगारेट, विडी आणि तंबाखूच्या पाकिटांवर दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग चित्रासह धोक्याच्या सूचनेला द्यावा, असा नियम लागू झाला. चित्र का, तर ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून. म्हणजे निरक्षर माणसाला समजेल अशी सूचना करता येते, सरकारनं ठरवलं तर करता येते, हे यातून सिद्ध झालं. आणि तंबाखू उद्योगानं काय केलं? कडाडून विरोध केला. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं हा नियम रद्द ठरवला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणून ते चित्र आजही आहे. इस्त्री अंगावर फिरवू नका, हे छापायला कंपनीला काहीच लागत नाही, म्हणून ते बिनबोभाट छापलं जातं. जी सूचना खरोखर वाचली जाईल आणि विक्री कमी करेल, तिच्याविरुद्ध मात्र देशातले महागडे वकील उभे राहतात.

पण बंडलावरचं ते चित्रही ओढणाऱ्यासाठी आहे. वळणारीसाठी सुपावर कोणतं चित्र होतं? तंबाखूचं पोतं घरात आलं तेव्हा त्यावर काय लिहिलेलं होतं? १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात हवेशीर जागेचे नियम होते, पण ते कारखान्याच्या जागेसाठी. काम घराघरांत वाटून दिलं की कारखानाच उरत नाही. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी याच विडी कामगारांना संघटित केलं. 'जयभीम' हे आपलं अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. १९३९ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, क्षयानं त्यांचं निधन झालं. आपण दिवसातून दहा वेळा जो शब्द उच्चारतो, तो विडी कामगारांमध्ये काम करणाऱ्या माणसानं दिलेला आहे, एवढी आठवण आपण ठेवली पाहिजे.

आता शेताकडे जाऊ. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. त्या काळात टीव्हीवर आणि कार्यालयांत एक सूर सतत ऐकू येत होता : मजुरांनी मास्क घातले नव्हते, हातमोजे घातले नव्हते, बाटलीवर सगळं लिहिलेलं होतं, यांनी वाचलं नाही.

बाटलीवर खरंच लिहिलेलं असतं. कीटकनाशक नियम १९७१ मधले आहेत. बाटलीवर तिरपा चौकोन असतो, त्याचे दोन त्रिकोण. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल असेल तर वरच्या त्रिकोणात कवटी आणि 'विष' हा शब्द. सोबत पत्रक द्यावं लागतं, त्यात विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार, उतारा हे सगळं. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नये, फवारताना खाऊ-पिऊ नये, नंतर अंग धुवावं. सगळं उघड, सगळ्यांना पटण्यासारखं.

आम्ही यवतमाळकडच्या एका गावात फवारणी करणाऱ्या मजुरांसोबत बसलो होतो. एकानं घडी घातलेलं पत्रक पुढे केलं आणि म्हणाला, "भाऊ, काय लिहून आहे याच्यावर?" अक्षरं एवढी बारीक की आम्हालाही मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठी करून वाचावी लागली. त्रिकोणाचा अर्थ विचारला तर दुसरा म्हणाला, "लाल म्हणजे जालीम. अळीवर भारी." त्यानं खुणेचा अर्थ चुकीचा लावलेला नव्हता. दुकानात लाल त्रिकोणाची बाटली त्याच गुणावर खपते. हातमोज्यांचं विचारलं तर तिसरा म्हणाला, "नोझल तुंबलं की हातमोजा काढावाच लागते ना भाऊ. अन् मालक आणून देईन तर घालू." त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, फवारा थेट तोंडावर येत होता, हेही त्यांनीच सांगितलं. वाऱ्याची दिशा बघायची तर काम थांबवावं लागतं आणि मजुरी थांबलेल्या तासाची मिळत नाही. दुपारची भाकर त्याच धुऱ्यावर खायची असते आणि हात धुवायला पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न पत्रक लिहिणाऱ्याला पडलेला नसतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या भाषेतली आहे. गावात या विषाला कुणीच विष म्हणत नाही. सगळे 'औषध' म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं, औषधाची बाटली रिकामी झाली, धुऊन पाण्याला घेतली. दुकानदार औषध म्हणूनच विकतो, कृषी कार्यक्रमांतूनही औषधच ऐकू येतं. बाटलीवर एका कोपऱ्यात 'विष' छापायचं आणि गावभर 'औषध' म्हणून विकायचं, मग मजुरानं कोणावर विश्वास ठेवावा? चिक्कीत शेंगदाणे आहेत हे सांगायला शब्द कमी पडले नाहीत. विषाला विष म्हणायला मात्र कमी पडतात.

आणि एक सोयीनं विसरलं जातं. त्याच १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे, हातमोजे, श्वसनासाठी साधनं मिळाली पाहिजेत, अशी तरतूद आहे. मजुरानं वाचलं नाही याची चर्चा झाली. मालकानं, दुकानदारानं, कंपनीनं, कृषी खात्यानं हा नियम वाचला होता का, याची चर्चा त्या मानानं किती झाली?

शहरातही हेच आहे, फक्त पाट्या जास्त आहेत. एका मोठ्या गृहनिर्माण सोसायटीत आम्ही कामानिमित्त गेलो होतो. लिफ्टमध्ये पाटी होती, 'उड्या मारू नयेत'. बागेत, 'फुले तोडू नयेत'. जिन्यात, 'भिंतीला हात लावू नये'. मुलांच्या घसरगुंडीवर वयाची सूचना. स्वच्छतागृहातल्या अ‍ॅसिडच्या बाटलीवर, 'हातमोजे वापरा, हवेशीर जागेत वापरा'. इमारतीच्या मागे सेप्टिक टँकचं झाकण उघडून तीन माणसं दोरी आणि बादली घेऊन उभी होती. झाकणावर काही लिहिलेलं नव्हतं. त्यांच्यातले वयस्कर दादा म्हणाले, "झाकण तासभर उघडं ठेवलंय, आता काही होत नाही." आम्ही सोसायटीच्या सचिवांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "त्यांना सवय आहे." काम थांबवायला सांगितलं, कायद्याचं नाव घेतलं, वाद झाला. अखेर संध्याकाळी मैला उपसणारी गाडी आली. तिघांची त्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून पुन्हा वेगळी हुज्जत घालावी लागली.

सेप्टिक टँकमध्ये आणि गटारात हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. कमी असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि तेव्हाच तो सर्वांत घातक झालेला असू शकतो. आत माणूस कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. ज्या धोक्यात माणसाची स्वतःची इंद्रियं त्याला फसवतात, तिथे खरी सूचना हवी. तिथेच झाकण कोरं आहे.

२०१३ च्या कायद्यानं गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई, म्हणजे साधनांशिवाय आणि सुरक्षेशिवाय माणूस उतरवणं, गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख झाली. मृत्यूनंतरची रक्कम वाढली, हे योग्यच झालं. पण त्या सचिवांच्या तोंडून जे निघालं, 'त्यांना सवय आहे', त्यात कायदा अजून शिरलेला नाही. सवय कुणाला असते? ज्याच्या आजोबांनाही हेच काम होतं त्याला. जर्मन समाजशास्त्रज्ञ उलरिश बेक यांनी १९८६ मध्ये आधुनिक समाजातल्या धोक्याच्या वाटपाचा विचार मांडला. एम.ए.ला तो अभ्यासताना आमच्या मनात एकच येत होतं : आपल्याकडे हे वाटप कारखाने येण्याच्या कितीतरी आधी, जन्मावरून करून ठेवलेलं आहे. म्हणूनच फुलांना पाटी मिळते आणि टाकीत उतरणाऱ्या माणसाला मिळत नाही.

इथे कुणी म्हणेल, मग झाकणावर पाटी लावली की प्रश्न मिटला. नाही मिटला. कागदावर लिहिलेल्या गोष्टीचं काय होतं, हे आपल्या चळवळीला चांगलं ठाऊक आहे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला. तळ्याचं पाणी मात्र २० मार्च १९२७ पर्यंत बंदच होतं. ठराव होता, तळं होतं, तहानही होती. बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. सूचनेचंही तसंच आहे. ती पाळण्याची साधनं मागणारा आणि पाळली नाही तर जाब विचारणारा माणूस उभा राहिला, तरच छापलेल्या अक्षरांना किंमत येते.

म्हणून कार्यकर्त्यांसाठी काही साधी कामं आम्ही सुचवतो.

पहिलं, फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी गावातल्या विहारात एक संध्याकाळ बसा. त्या भागात विकली जाणारी कीटकनाशकांची पत्रकं आणा, मोठ्यानं वाचा, त्रिकोणाचे रंग समजावून सांगा. आणि 'औषध' हा शब्द निदान आपल्या तोंडून तरी काढून टाका. विष म्हणा.

दुसरं, मजुरी ठरवताना हातमोजे, मास्क, चष्मा, धुवायला साबण-पाणी हे मजुरीबरोबरच ठरवा. एकटा मजूर मागेल तर त्याला उद्या बोलावणार नाहीत. दहा जण मिळून मागतील तर बोलावावं लागेल.

तिसरं, विषबाधा झाली तर रुग्णासोबत बाटली आणि पत्रक दवाखान्यात न्या. कोणतं विष आहे आणि उतारा काय, हे डॉक्टरांना त्यावरून लवकर कळतं. खरेदीची पावती जपून ठेवा, बाटलीचे फोटो काढून ठेवा. उद्या 'यांनी वाचलं नाही' असं कुणी म्हटलं, तर अक्षरं किती बारीक होती हे दाखवता आलं पाहिजे.

चौथं, आपण राहतो त्या इमारतीत, आपल्या शाळेत, कार्यालयात सेप्टिक टँकच्या झाकणावर मराठीत मोठ्या अक्षरांत पाटी लावून घ्या : 'आत जीवघेणा वायू आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.' खाली मैला उपसणाऱ्या गाडीचा स्थानिक नंबर आणि १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांक लिहा. माणूस उतरवताना दिसला तर थांबवा आणि त्याच्या त्या दिवसाच्या मजुरीचाही विचार करा, कारण तो हौसेनं उतरलेला नाही.

चिक्कीच्या पुडीचा फोटो पुन्हा आपल्या ग्रुपवर येईल. त्यावर हसायला आमची हरकत नाही. त्याच ग्रुपवर आपल्या गावात विकल्या जाणाऱ्या एखाद्या कीटकनाशकाच्या पत्रकाचाही फोटो टाका आणि खाली मराठीत, सगळ्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, त्यात काय लिहिलं आहे ते टाईप करा. पेरणी झाली की फवारणीला फार दिवस नसतात.

जयभीम!